‘आवाज आहे, पण गाडी चांगली आहे’



आज सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो. हेडफोन असतील तर लावा. जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी कंसात लिहिलंय.

(रेकॉर्डिंग: स्टार्टर फिरतो, इंजिन लागतं आणि लगेच पत्र्याच्या डब्यात सुट्टी नाणी हलवावीत तशी खडखड. साधारण सहा सेकंदांनी ती बसते. मग नेहमीचा डिझेलचा आवाज.)

ऐकलंत? सहा सेकंद. या सहा सेकंदांवर आमच्या घरात तीन आठवडे चर्चा चालली. गाडी घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण गाडी वडिलांच्या मित्राची, पैशातले ऐंशी हजार आईच्या बचत गटाच्या कर्जाचे, आणि आवाज ओळखण्यात मी स्वतःला शहाणा समजणारा. रोज रात्री बसून आवाजच कापतो-जोडतो ना मी. त्यामुळे मला वाटलं, इंजिनाचा आवाज म्हणजे काय, आपल्याला कळणारच. तर ते कसं कळलं नाही, ते आज सांगतो.

आधी गाडी का हवी होती ते. आमचं घर वडखळला. मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागला वळताना जो नाका लागतो, तोच. तुम्ही वीकेंडला अलिबागला गेला असाल तर या नाक्यावर तुम्ही आम्हाला शिव्या दिलेल्या आहेत. आम्ही पण तुम्हाला दिल्यात, त्यामुळे हिशोब बरोबर. आईला साखरेचा त्रास आहे आणि त्यातून डोळ्याच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. महिन्यातून एकदा पनवेलला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. जाताना एसटीने जाता येतं. येताना प्रश्न. डोळा झाकलेला, पाणी वाहतंय, आणि मी बाइकवर तिला मागे बसवून हायवेच्या धुळीतून आणतोय. पनवेल ते इंदापूर हा रस्ता चौपदरी करायला 2011 साली घेतला, आणि त्याची धूळ आमची अख्खी पिढी खाऊन बसली. एकदा पेणच्या अलीकडे ती मागून म्हणाली, “थांब जरा, डोळ्यात काहीतरी गेलं.” इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यात. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की गाडी घ्यायची.

नवीन गाडीचा विचार केला नाही असं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा मित्रांनी खूप भरीस घातलं. पण जीएसटी कमी झाला म्हणून माझा पगार वाढला नव्हता. हप्ता नको होता. माझ्याकडे साठवलेले एक लाख ऐंशी हजार आणि आईचे ऐंशी. दोन साठच्या वर जायचं नाही.

पहिली गाडी एका एजंटकडे बघितली. त्याचं नाव, गाव काही सांगत नाही. पेट्रोल गाडी, बाहेरून चकाचक, आत अत्तराचा इतका घमघमाट की माझं डोकं चढलं. माझ्याबरोबर आलेल्या मित्राने एकच गोष्ट केली. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. मग डिकीतली चटई उचलून स्टेपनीचा खड्डा दाखवला, तर बोल्टच्या कडेला वाळलेला बारीक गाळ. आपल्याकडे 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. त्यातल्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका. धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून त्या कुठेतरी उभ्या असतात. सीट बेल्ट मात्र आतून कोणी धूत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, फुकट आहे.

मग काकांची गाडी आली. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र, एकाच कंपनीत बरोबर कामाला. मला लहानपणी खांद्यावर घेऊन गणपती दाखवायला नेणारे. त्यांची 2014 ची डिझेल गाडी, एमएच 06, पेण आरटीओची, पहिला मालक, एक लाख चाळीस हजार किलोमीटर. मुलाने नवीन गाडी घेतली म्हणून ही काढायची होती. मागणं दोन साठ. काकांनी स्वतःच सांगितलं, “थोडा आवाज आहे, पण गाडी चांगली आहे.”

हे वाक्य मी नंतर बरंच घोळवलं. काका खोटं बोलले नव्हते.

गाडीची कंपनी मी मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पण इंजिनाबद्दल सांगायला हवं. 1248 सीसी, म्हणजे ज्याला आपण वन पॉइंट थ्री डिझेल म्हणतो ते. मूळ डिझाइन फियाटचं. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही ते बनायचं. इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. 1 एप्रिल 2020 ला बीएस सिक्स आलं आणि आपल्याकडे त्याचा खेळ संपला. म्हणजे आज हे इंजिन असलेली कुठलीही गाडी तुम्ही घेतलीत, तरी ती पाच वर्षांच्या वरचीच असणार. इंजिन उत्तम आहे, लाखो किलोमीटर चालवलेले टॅक्सीवाले मी बघितलेत. एकच अट. ऑइल वेळेवर बदलायचं. का, ते पुढे येतंच.

पहिल्यांदा गाडी बघायला मी संध्याकाळी गेलो. ही माझी पहिली चूक. काका नुकतेच पेणहून आले होते, बॉनेट गरम. गाडी सुरू केली, बेल्टच्या बाजूने बारीक टकटक येत होती. फार काही नाही. मी फोन काढला, तीस सेकंद रेकॉर्ड केलं आणि तीन ठिकाणी पाठवलं. एकाने सांगितलं टॅपेट. दुसरा म्हणाला इंजेक्टर. तिसऱ्याने लिहिलं, “डिझेल आहे भावा, आवाज करणारच.” तिघांनी तीन उत्तरं दिली आणि प्रत्येकाने छातीठोक दिली.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. फोनचा माइक माणसाचा आवाज पकडायला बनवलेला असतो. सतत येणारी घरघर तो ‘नको असलेला आवाज’ समजून दाबतो. मोठा आवाज आला की खाली ओढतो, बारीक असला की वर चढवतो. मग व्हॉट्सअॅप ती फाइल आणखी पिळून पाठवतं. म्हणजे मिस्त्रीकडे पोहोचतं ते इंजिन नसतं, फोनला इंजिनाबद्दल जे वाटलं ते असतं. हे मला माहीत होतं! तरीही मी तीन जणांना पाठवलं आणि उत्तरांवर विश्वासही ठेवला, कारण मला गाडी आवडली होती.

शेवटी घरी आलो तेव्हा वडील म्हणाले, “तू गाडी बघायला गेलास की ऐकायला? माणूस घेऊन जा.”

आमच्याकडे नाक्यापासून जरा आत एक मिस्त्री आहेत, साठीला आलेले. अर्धं आयुष्य हायवेवरच्या ट्रकखाली गेलं. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. त्यांना फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवायला गेलो तर त्यांनी फोन हातातही घेतला नाही. म्हणाले, “गारी रातभर उभी ऱ्हाऊ दे. कुनी हात नाय लावाचा. सकाली जाऊ.” आणि वर एक ताकीद, “मालकाला सांग, आपन येवाच्या आधी चालू करू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही काकांच्या अंगणात. दादांनी नमस्कार-चमत्कार काही न करता आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. मग डिपस्टिक काढली, बोटावर ऑइल घेतलं, चोळलं आणि मला दाखवलं. मधासारखं पिवळं, स्वच्छ. मी खूश झालो, म्हटलं बघा किती चांगली निगा. दादा काही बोलले नाहीत. मला गप्प राहायची खूण केली आणि म्हणाले, चालू कर.

आणि मग तो आवाज. सुरुवातीला ऐकवला तोच. या वेळी मी माझा कामाचा माइक आणि रेकॉर्डर नेला होता.

सहा सेकंद खडखड, मग गप्प. दादांनी बंद करायला सांगितलं. परत सुरू. आता खडखड जवळजवळ नाहीच. मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाच्या वेगवेगळ्या जागी टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. डॉक्टरच्या नळीसारखं. मलाही ऐकायला दिलं. फिरणाऱ्या बेल्टपासून शर्टाची बाही लांब ठेव, असं तीनदा बजावून. वरच्या झाकणावर टेकवलं तर शिवणयंत्रासारखी टिकटिक. इंजेक्टरवर टक-टक, कोरडी. आणि बेल्टच्या बाजूच्या झाकणावर एक वेगळीच गोष्ट, साखळी ओढल्यासारखी सरसर. फोनमध्ये हे तिन्ही मिळून एकच ‘टकटक’ झालं होतं.

तर मंडळी, आवाजांची थोडी ओळख. मी मिस्त्री नाही, दादांकडून आणि नंतर वाचून जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

वरून येणारी टिकटिक बहुतेक वेळा वाल्वच्या बाजूची असते. वाल्व चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती टिकटिक इंजिनाच्या ठोक्यापेक्षा संथ वाटते. खालून, पोटातून येणारी जड ठकठक, जी क्रँकबरोबर धावते आणि चढावर, जोर दिल्यावर वाढते, ती बेअरिंगची असू शकते. ती ऐकली की नमस्कार करून निघायचं, भाव विचारायचाही नाही. क्लच दाबल्यावर आवाज गेला, सोडल्यावर आला, तर इंजिनापेक्षा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलटं, क्लच दाबल्यावरच आला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एसी लावल्यावर आला तर कॉम्प्रेसरकडे बघा. चीं-चीं बहुतेक पट्ट्याची, ती स्वस्तातली. आणि थंड असताना सुरू केल्या-केल्या येणारी आणि काही सेकंदांत बसणारी खडखड, या इंजिनात तरी, टायमिंग चेनची.

इथे जरा थांबतो, कारण खरी मजा इथे आहे. या इंजिनात टायमिंगसाठी रबरी पट्टा नाही, साखळी आहे. सायकलच्या चेनसारखीच कल्पना. ती ताणून धरायला एक टेन्शनर असतो आणि तो चालतो ऑइलच्या दाबावर. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. सकाळी सुरू केली की दाब तयार होईपर्यंत टेन्शनर ढिला. चेन नवी असेल तर त्या क्षणाने काही बिघडत नाही. पण चेन झिजून लांबली असेल तर ती झाकणाला आणि गाइडला आपटत राहते. दाब आला की टेन्शनर तिला ओढून धरतो आणि आवाज बसतो. दुखणं तिथेच राहतं, फक्त दाबलं जातं. चेन का झिजते? ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे किंवा पातळी कमी राहिल्यामुळे. आणि झिजत-झिजत तिने एखादा दात सोडला तर वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग ती दुरुस्ती राहत नाही, इंजिनच खोलावं लागतं.

म्हणून सेकंड हँड गाडी बघायला संध्याकाळी जायचं नाही. विकणारा म्हणाला, “या, मी गाडी गरम करून ठेवतो,” तर गोड शब्दांत सांगायचं, काका, चहा गरम ठेवा.

आता ते पिवळं ऑइल. दादांनी परत येताना बाइकवर मागून कानात सांगितलं. डिझेल इंजिनात ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, काजळी मिसळते म्हणून. सोन्यासारखं दिसतंय म्हणजे ते काल-परवा बदललंय. आणि बोटावर नेहमीपेक्षा घट्ट लागत होतं. घट्ट ऑइलने आवाज थोडा मऊ होतो. “आता,” दादा म्हणाले, “त्यांनी आवाज लपवाला टाकला का सर्व्हिसिंग म्हनून टाकला, ता त्यांना माहीत.” मी आजही यावर काही बोलणार नाही. गाडी द्यायच्या आधी ऑइल बदलून द्यावं, असं चांगल्या मनाने वाटू शकतं. मला काका चांगले माहीत आहेत. पण मला काका माहीत आहेत, काकांच्या गॅरेजवाल्याला कोण ओळखतंय.

त्या आधी आम्ही गाडी चालवूनही पाहिली होती. धरमतरचा पूल ओलांडून, पोयनाड सोडून कार्लेखिंडीपर्यंत. चढावर जोर दिला, ठकठक आली नाही. दादा म्हणाले, खालचं बहुधा ठीक आहे. ओढते छान. एसी छान. मी गिअर टाकतोय, उजव्या हाताला खाडीकडचा उजेड, आणि मनात आईला पुढच्या सीटवर बसवूनही झालं. दादांनी ओळखलं असावं. म्हणाले, “काच खाली कर. स्वप्नं भाएर जाऊ दे.”

गाडीखालीही त्यांनी वाकून पाहिलं होतं. खाडीकाठच्या गावांत गाडी उभी राहते ना, तिला खारा वारा खालून खातो. सायलेन्सरचे हँगर आणि पाठीमागचा पत्रा गंजला होता, पण भोक नव्हतं. ते फारसं मनावर घेतलं नाही.

दादांचा हिशोब असा. नुसतं चेन किट बदलायचं तर सामान आणि मजुरी धरून अठरा-वीस हजार. पण चेन आतून काय-काय घासून आलीय ते झाकण काढल्याशिवाय कळणार नाही. धातूचा कीस ऑइलमध्ये गेला असेल आणि बेअरिंगला लागला असेल, तर अर्धं इंजिन, सत्तर-ऐंशीच्या घरात. हे ओळखायला एक मार्ग आहे. ऑइल काढायचं, फिल्टर कापायचा, आतला कागद उलगडून उन्हात बघायचा. चमकला तर निघून यायचं. पण फिल्टरही नवीन असेल तर तोही मुका. मग झाकण काढूनच बघावं लागेल. खर्च आपण करायचा, मालकाच्या परवानगीने.

आता हे काकांना कोण सांगणार?

मी सांगितलं. फार वाईट पद्धतीने सांगितलं. म्हणालो, “काका, इंजिनाचं झाकण काढून बघू का, खर्च मी देतो.” काका दोन मिनिटं गप्प बसले. काकी चहा घेऊन आली होती, तीही थबकली. मग काका वडिलांकडे बघून म्हणाले, “तुझ्या पोराला वाटतंय मी त्याला फसवतोय.” वडील म्हणाले, “नाही रे, तसं नाही.” आणि ‘तसं नाही’ म्हटलं की काय होतं तुम्हाला माहीत आहे. तेच होतं सगळ्यांना वाटायला लागतं.

एजंटकडे तुम्ही बिनधास्त बेल्ट ओढता, टायरला लाथ मारता, घासाघीस करता. ओळखीच्या माणसाकडे तपासणी हाच अपमान ठरतो. आणि गंमत बघा, कायद्याने उलटं आहे. तुम्ही नोंदणीकृत डीलरकडून घेतलीत तर निदान पावती असते, दुकान असतं, ग्राहक म्हणून दाद मागता येते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओची अधिकृत नोंदणी आणि नियमही आलेत. ओळखीतल्या माणसाकडून घेतलीत तर उरतो 1930 चा मालविक्री कायदा, आणि त्याचा मूळ सूर असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. म्हणजे जिथे तपासायला लाज वाटते तिथेच तपासायची सगळ्यात जास्त गरज.

काकांनी दोन दिवसांनी निरोप पाठवला, दोन चाळीसला घे, चेन तू बदलून घे. म्हणजे चेनचे वीस त्यांनी सोडले. वाजवी माणूस आहे. मी दादांना विचारलं तर ते म्हणाले, वीस हजारांची चेन धरली तर सौदा बरोबर आहे, ऐंशी हजारांचं इंजिन धरलं तर नाही. आणि यातलं काय आहे, ते झाकणाखाली.

मधल्या काळात कागद पाहिले. एम-परिवाहनवर नंबर टाकला. आरसीवर अजून बँकेचा बोजा! कर्ज कधीच फिटलं होतं, पण काकांनी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आरटीओत दिलाच नव्हता. हे खूप लोकांचं होतं. हप्ते संपले की पेढे वाटतात आणि बोजा तसाच राहतो. तो उतरल्याशिवाय 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर सहज होत नाही. विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही सांगतो. “नावावर करून घे रे सावकाश” असं म्हणून गाडी देऊ नका. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. आणि घेणाऱ्यांनो, विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो. हे झालं कागदाचं, पुढे जाऊ.

निर्णय शेवटी ना दादांनी केला ना मी. आईने केला. एका रात्री मी वहीत आकडे मांडत बसलो होतो, ती शेजारी मेथी निवडत होती. एक डोळा बारीक करून वहीत बघत म्हणाली, “पनवेलला भाड्याची गाडी किती घेते?” म्हटलं, जाऊन-येऊन, थांबून, अडीच हजार. “वर्षाला?” बारा वेळा म्हणजे तीस हजार. “आणि ही आपली घेतली तर विमा, सर्व्हिसिंग, टायर?” मी लिहिलं. विमा आणि दोन सर्व्हिसिंग मिळून वीस हजार, टायरचे चारही लवकरच बदलायचे होते, डिझेल वेगळं. पहिल्या वर्षी तीस ओलांडून गेलं, चेन न धरता. 2014 ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी 2029 ला संपणार, मग पुन्हा तपासणी, हरित कर. आई म्हणाली, “मग ही गाडी माझ्या डोळ्यासाठी नाहीये. तुला हवीय म्हणून आहे. तुला हवी असेल तर घे, पण माझ्या डोळ्याच्या नावावर नको. आणि गटाचे पैसे मग नको त्यात.”

तेवढ्यावर ती कढई ठेवायला उठून गेली.

मला राग आला होता, खरं सांगतो. कारण बरोबर होतं. रात्री-अपरात्री गाडी दारात असण्याची किंमत वहीत लिहिता येत नाही, हेही मी तिला म्हणालो. ते अजूनही मला पटतं. पण रात्री-अपरात्री लागणारी गाडी म्हणजे तर ती सकाळी सुरू होताना खडखडणारी नकोच ना.

मी काकांना नाही म्हणालो. फोनवर नाही, जाऊन. या वेळी कारण पैशाचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं नाही. काकी चहा देऊन गेली. काका म्हणाले, “बरं,” आणि क्रिकेटबद्दल बोलायला लागले.

इथे भाग संपला असता. पण डिसेंबरात गडबकडचा एक ओळखीचा मुलगा भेटला. माझ्यापेक्षा लहान, कंपनीत कंत्राटावर लागलेला, लग्न ठरलेलं. म्हणाला, “दादा, तू ती काकांची गाडी बघितली होतीस ना? मी घेतोय. कशी आहे?”

सांगा, काय सांगणार? घेऊ नको म्हटलं तर काकांची गाडी मी पाडली असं होणार, आणि वडिलांची चाळीस वर्षांची मैत्री. चांगली आहे म्हटलं तर त्याचे पैसे. मी दोन मिनिटं इकडचं-तिकडचं बोललो. मग मोबाइलवर हीच फाइल काढली, त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि सहा सेकंद ऐकवली. म्हटलं, “सकाळी साडेसहाला जा, चालू करायच्या आधी बॉनेटला हात लाव, आणि हा आवाज ऐक. मग दादांना घेऊन जा. घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव.” त्याने विचारलं, “म्हणजे खराब आहे?” मी म्हटलं, “म्हणजे चेनचं काम आहे. आत आणखी काय आहे ते मला माहीत नाही. झाकण काढून बघायला मी मागितलं, ते जमलं नाही.”

रात्री वडिलांना सांगितलं की मी असं-असं बोललो. ते जेवत होते. भात कालवत म्हणाले, “त्याला कळेल.” काकांना, म्हणजे. मग बराच वेळाने, “कळू दे.”

त्या मुलाने गाडी घेतली. दोन दहाला, आणि काकांनी या वेळी झाकण काढू दिलं, असं दादांकडून कळलं. चेन, टेन्शनर, गाइड बदललं. खाली बेअरिंगचं काय निघालं, ते दादांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “ज्याची गारी त्याला इचार.” ते बरोबरच आहे. काका आमच्याकडे संक्रांतीला आले होते, तिळगूळ दिला, गोड बोलले. पूर्वीसारखे बसले नाहीत.

आई आता भाड्याच्या गाडीने जाते. गाडीवाला आमच्याच आळीतला आहे, तिला पुढे बसवतो, काचा बंद ठेवतो आणि पूर्ण वाट जुनी गाणी लावतो. मी मागे बसतो. मागच्या आठवड्यात परत येताना नाक्यावर अडकलो, नेहमीप्रमाणे. शेजारच्या रांगेत तीच गाडी. तो मुलगा चालवत होता, शेजारी त्याची बायको, डॅशबोर्डवर छोटा गणपती. त्याने हात केला. मी काच खाली केली, आवाज ऐकायला. पण दोन्ही बाजूंना स्टीलचे ट्रेलर धडधडत होते, काही कळलं नाही. पुढून गाडीवाला ओरडला, “दादा, काच लावा, काकींच्या डोळ्यात धूळ जाईल!”

काच लावली.

चला, आज एवढंच. तुम्ही ऐकलेला एखादा विचित्र गाडीचा आवाज असेल तर पाठवा. फोनवर रेकॉर्ड केलेला असला तरी चालेल, निदान ललकाऱ्या मारायला. निदान करायला नको. भेटू पुढच्या भागात.